आर्कमॅप गेल्यानंतर : अभनपूरची टिपणं

1 मार्च 2026, रविवार. त्या तारखेला आर्कमॅप हे नकाशाचं सॉफ्टवेअर अधिकृतपणे निवृत्त झालं. सोमवारी सकाळी रायपूरजवळच्या अभनपुरात, आमच्या नकाशाकामाच्या खोलीत ते नेहमीसारखंच उघडलं. डावीकडे तीच लेअरची यादी, मधे तोच पांढरा पडदा. इथली मुलं विचारत होती, दीदी, हे तर चालतंय, मग बंद काय झालं? निवृत्ती म्हणजे बंद पडणं नव्हे, हे त्यांना सांगावं लागलं. ज्याच्याकडे कायमचं लायसन्स आहे त्याच्या संगणकावर ते चालत राहील. थांबलं ते त्याच्या मागचं. यापुढे दुरुस्त्या नाहीत, सुरक्षेचे पॅच नाहीत, अडलं तर कंपनीला विचारायची सोय नाही. आणि ज्या पुस्तिका, आकृत्या आणि नमुन्याचे कोड पुढ्यात ठेवून लोक या सॉफ्टवेअरवर स्वतःची छोटी छोटी टूल्स लिहीत, त्यांना यापुढे वाली नाही.

मला काळजी या शेवटच्या गोष्टीची आहे. सॉफ्टवेअर जाणारच, दुसरं येणारच. पण ते कसं वागायचं आणि तसं का वागायचं, हे सांगणारे कागद गेले तर त्यावर केलेलं आपलं काम आपल्यालाच वाचता येणार नाही.

*

तारखा लिहून ठेवते, पुढे कामाला येतील. कॅलिफोर्नियातल्या रेडलँड्सची एस्री ही कंपनी जॅक आणि लॉरा डेंजरमंड या दांपत्याने 1969 साली काढली. 1990च्या दशकात त्यांचं आर्कव्ह्यू जगभर पोचलं. त्याला ॲव्हेन्यू नावाची स्वतःची भाषा होती. 1999च्या अखेरीस एस्रीच्या प्रणालीची आठवी आवृत्ती आली, तिच्याबरोबर आर्कमॅपचं युग सुरू झालं. ॲव्हेन्यू मागे पडली आणि आर्कऑब्जेक्ट्स हा नवा पाया आला. जानेवारी 2015मध्ये आर्कमॅपची जागा घेणारं आर्कजीआयएस प्रो आलं. आर्कमॅपची शेवटची आवृत्ती 10.8.2, डिसेंबर 2021ची.

एका माणसाच्या नोकरीच्या काळात तीन सॉफ्टवेअरं. जमीन तीच, तिचा खसरा नंबर तोच.

*

अभनपूर रायपूरपासून धमतरीच्या रस्त्यावर, तीसेक किलोमीटर. मोठं नाव नाही. पण नकाशाचं काम करणाऱ्याला इथे आयुष्यभर पुरेल इतकं काम आहे. एका अंगाने नवा रायपूर सरकत आला आहे, दुसऱ्या अंगाला राजिमचा रस्ता, चंपारणची यात्रा, महानदीच्या कालव्याखालची भातशेती. आणि सुमारे 465 किलोमीटरची रायपूर–विशाखापट्टणम आर्थिक मार्गिका याच तालुक्यातून सुरू होते.

मराठी वाचकासाठी सांगायचं तर आपला तलाठी तो इथे पटवारी, गट नंबराच्या जागी खसरा, सातबाऱ्याच्या जागी बी-1 आणि पी-2, आणि पोटहिस्सा पाडणं म्हणजे बटांकन. कोणत्याही चॉइस सेंटरवर, म्हणजे सेवा केंद्रावर, सकाळी उभं राहा, निम्मे लोक 'भुइयां' या जमीन-नोंदींच्या पोर्टलवरून खसऱ्याची नक्कल काढायला आलेले असतात.

जुने गावनकाशे मैलाला सोळा इंच या मापाचे, म्हणजे 1:3960. नंतरचे मेट्रिक, 1:4000. या मापावर अर्ध्या मिलिमीटरची शाईची रेघ जमिनीवर दोन मीटर रुंद होते. कापडावर चिकटवलेल्या, घड्यांवर फाटलेल्या अशा शिटा स्कॅन करायच्या, ओळखीचे चांदे आणि तिठे धरून त्या जागेवर बसवायच्या, मग एकेका खसऱ्याची सीमा काढायची. हे काम आमच्यासारख्या छोट्या गटांनी वर्षानुवर्षं आर्कमॅपवर केलं. मोठ्या सरकारी व्यवस्थेसाठी एनआयसीचं 'भू-नक्शा' आहे. पण कुठल्या रस्त्याखाली कुणाची किती जमीन जाते, कालव्याचा पट्टा कुठून कुठे, असे प्रश्न आले की माणसं आर्कमॅप उघडत आणि त्यात स्वतःच्या स्क्रिप्ट लिहीत.

*

त्यातल्या एका स्क्रिप्टविषयी सविस्तर लिहायला हवं.

बटांकन झालं की मूळ खसऱ्याचे तुकडे पडतात : 214/1, 214/2, असे. तुकड्यांच्या क्षेत्रफळांची बेरीज मूळ खसऱ्याइतकी आली पाहिजे. नकाशावर काढलेल्या रेघांमुळे ती कधीच तंतोतंत येत नाही. म्हणून आमच्याकडच्या एका जुन्या सहकाऱ्याने एक तपासणी लिहिली होती : फरक ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर हिरवं, बाहेर गेला तर लाल. सहकारी नोकरी सोडून केव्हाच गेला. स्क्रिप्ट राहिली. तिच्यात मर्यादेचा आकडा होता 0.00405. शेजारी एक अक्षर लिहिलेलं नाही.

नव्या प्रणालीत ती उतरवताना इथल्या मुलाने विचारलं, हा आकडा कुठून आला? 0.005 केला तर चालेल का? कंपनीच्या कोणत्याही पुस्तिकेत याचं उत्तर नव्हतं, असणं शक्यही नव्हतं. उत्तर अभनपूरच्या एका सेवानिवृत्त पटवाऱ्याकडे मिळालं. त्यांनी आकडा ऐकला आणि एवढंच विचारलं, हेक्टरमध्ये आहे ना? मग तो एक डिसमिल. एकराचा शंभरावा भाग, 40.47 चौरस मीटर, म्हणजेच 0.00405 हेक्टर. इथला शेतकरी अजून एकर-डिसमिलमध्येच बोलतो आणि एका डिसमिलच्या आतल्या फरकावर भावाभावांत सहसा भांडण होत नाही. जो माणूस ती स्क्रिप्ट लिहून गेला त्याने ही गावची रीत संगणकात उतरवली होती. 0.005 केला असता तर तपासणी चालली असती, फक्त ती कशाची तपासणी आहे हे कुणाला सांगता आलं नसतं.

आता त्या ओळीच्या वर हिंदीत दोन वाक्यं आहेत. माझ्या दृष्टीने या सगळ्या खटाटोपातली सगळ्यात मोलाची दोन वाक्यं तीच.

*

आर्कऑब्जेक्ट्सच्या सुरुवातीच्या काळात मदत सीडीवर यायची, सीएचएम या प्रकारच्या बंदिस्त फायलींमध्ये. जुन्या सीड्या कुणाच्या कपाटात असतील तर फेकू नका. दुसऱ्या संगणकावरून आणलेली अशी फाइल विंडोजवर उघडली तर डावीकडे अनुक्रमणिका दिसते आणि उजवीकडे कोरं पान. फाइल बिघडलेली नसते. तिच्यावर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये अनब्लॉक केलं की मजकूर येतो. ती नेटवर्कवरच्या फोल्डरमधून न उघडता आधी आपल्या संगणकावर उतरवून घ्यावी. कितीतरी लोकांनी कोरं पान पाहून चांगल्या फायली पुसून टाकल्या असतील.

सीडीवरच आकृत्याही असत, ऑब्जेक्ट मॉडेल डायग्रॅम. मोठ्या कागदावर छापून भिंतीला लावायच्या. त्रिमिती करडी चौकट असेल तर ती वस्तू थेट नवी तयार करता येते. त्रिमिती पांढरी असेल तर दुसऱ्या वस्तूकडून मागून घ्यावी लागते. सपाट चौकट असेल तर ती नुसती कल्पना, तिच्यावरून पुढचे प्रकार निघतात. चौकटीच्या कडेला छोटी गोल टोकं म्हणजे तिच्याशी बोलण्याचे मार्ग. नकाशातून लेअर, लेअरमधून फीचर क्लास, तिच्यातून एकेक आकृती, हा सगळा प्रवास बोटाने चालता यायचा. इंग्रजी जेमतेम येणाऱ्या मुलांनाही मी या आकृत्यांवरून शिकवलं आहे, कारण त्यांत वाक्यं कमी आणि रचना जास्त.

मायकेल झाइलर यांनी संपादित केलेले 'एक्स्प्लोरिंग आर्कऑब्जेक्ट्स'चे दोन जाड खंडही त्याच काळातले. जुना कोड आज कुणी चालवणार नाही हे मान्य. पण तो नव्या भाषेत आणायचा तर मूळ आज्ञा नेमकं काय करत होती हे कळायला हवं. भाषांतर करणाऱ्याला कोश लागतो. निवृत्तीच्या दिवशी या कागदांची गरज संपत नाही, उलट तेव्हापासून पुढची पाचदहा वर्षं ती सगळ्यात जास्त असते.

*

नव्या प्रणालीत उतरवताना काय काय तुटतं, ते एकदा नोंदवून ठेवते.

नकाशाच्या एमएक्सडी फायली प्रोमध्ये आयात होतात, रंग-चिन्हं बहुतेक नीट येतात. पण एमएक्सडीच्या पोटात लिहिलेले व्हीबीए मॅक्रो येत नाहीत. फील्ड कॅल्क्युलेटरमधली व्हीबीस्क्रिप्टची सूत्रं येत नाहीत. पर्सनल जिओडेटाबेस, म्हणजे मूळची मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसची एमडीबी फाइल, प्रो उघडतच नाही. ती आर्कमॅप हाताशी असतानाच फाइल जिओडेटाबेस किंवा जिओपॅकेजमध्ये काढून घ्यावी. नाहीच जमलं तर जीडीएएल आणि क्यूजीआयएस ही मुक्त स्रोत साधनं ओडीबीसीच्या मार्गाने ती वाचू शकतात.

यांपैकी जे तुटतं ते दिसतं, म्हणून त्याची भीती कमी. भीती आहे ती न तुटता बदलणाऱ्या गोष्टींची. आर्कमॅपमध्ये पायथॉन 2.7 होतं, त्या भाषेचा अधिकृत पाठिंबा 1 जानेवारी 2020ला संपला. प्रोमध्ये पायथॉन 3 आहे. जुन्या पायथॉनमध्ये 7 भागिले 2 याचं उत्तर 3 येतं, नव्यात 3.5. कोडमध्ये लाल अक्षरांत काही येत नाही, स्क्रिप्ट शेवटपर्यंत धावते, फक्त हिश्शाचा आकडा वेगळा निघतो. वाटणीच्या कामात हा फरक कुणाच्या तरी पदरात कमी जमीन घालतो. जुन्या कागदांमध्ये आणि जुन्या उदाहरणांमध्ये या सवयी दिसतात; ते वाचल्याशिवाय उतरवायला बसू नये, असं मी मुलांना निक्षून सांगते.

*

क्षेत्रफळाचं आणखी एक. यूटीएम पद्धतीत जगाचे सहा-सहा अंशांचे पट्टे केलेले आहेत. महाराष्ट्राचा बराच भाग 43 क्रमांकात, वर्धा-नागपूरपासून पुढे 44. अभनपूरही 44मध्ये, त्याचा मधला रेखांश 81 अंश, अभनपूर त्याच्या पूर्वेला पाऊण अंशाच्या आसपास. मध्यरेषेवर माप मुद्दाम 0.9996 इतकं कमी धरलेलं असतं. इथे ते साधारण 0.99967 होतं. म्हणजे सपाट नकाशावर मोजलेल्या एका हेक्टरला प्रत्यक्षातले सहासाडेसहा चौरस मीटर कमी पडतात. एका शेताला ते नगण्य, पण शेकडो हेक्टरांच्या संपादनात बेरीज वाढते. पृथ्वीची वक्रता धरून, म्हणजे जिओडेसिक पद्धतीने मोजलं की हा फरक जातो. कोणत्या स्क्रिप्टने कोणती पद्धत वापरली होती, हे जुन्या कामात बहुधा कुठेच लिहिलेलं नसतं. ते त्या वेळच्या टूलच्या दस्तऐवजातूनच काढावं लागतं.

रायपूर–विशाखापट्टणम मार्गिकेच्या भूसंपादनात अभनपूर भागातल्या नुकसानभरपाईवरून गंभीर आरोप झाले, 2025 साली राज्याच्या आर्थिक अपराध शाखेने तपास हाती घेतला. खसऱ्यांचे छोटे तुकडे केव्हा आणि कसे पडले, हा त्यातला कळीचा प्रश्न. निवाडा न्यायालय करील. माझं म्हणणं एवढंच की अशा प्रसंगी नकाशाला साक्षीला यावं लागतं, आणि कोणत्या नियमाने हा आकडा काढला हे सांगता आलं नाही तर नकाशाची साक्ष टिकत नाही.

*

हिंगणघाट. कागद टिकले तर काम टिकतं, याचा दाखला या गावाशी जोडलेला आहे. सर्वेक्षक विल्यम लॅम्बटन 20 जानेवारी 1823ला तिथे वारला, नागपूरकडे जाता जाता. 1802 साली मद्रासजवळ पायारेषा मोजून त्याने जी त्रिकोणमापनाची माळ उत्तरेकडे आणली ती त्याच्या हयातीत विदर्भापर्यंतच पोचली. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टने नेलं. पृथ्वीच्या आकाराची त्याची 1830ची मापं आणि मध्य भारतातल्या कल्याणपूरचा आरंभबिंदू यांवर आपले टोपोशीट दीडशेहून अधिक वर्षं बेतलेले राहिले. अभनपूर ज्या 64 जी शीटवर आहे ती मूळ त्याच हिशेबाची.

2005च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने जनतेसाठीचे नकाशे डब्ल्यूजीएस 84 या जागतिक पायावर आणले. म्हणजे एव्हरेस्टचा पायाही निवृत्तच झाला. पण जुना नकाशा नव्यावर ठेवायचा तर दोन्हींमधलं अंतर माहीत हवं. कल्याणपूर 1975साठी सर्वत्र वापरले जाणारे आकडे आहेत 295, 736 आणि 257 मीटर, तीन दिशांचे. ते घालून मी अभनपूरसाठी हिशेब केला : तीच अक्षांश-रेखांशाची जोडी जुन्या आणि नव्या पायावर वाचली तर जागा सुमारे दोनशे मीटरने बदलते. दोनशे मीटर म्हणजे इथे दुसरं शेत, कधीकधी दुसरं गाव.

हे तीन आकडे जर एव्हरेस्टच्या नंतरच्या लोकांनी मोजून, छापून ठेवले नसते तर? लॅम्बटनची साखळी आणि थिओडोलाइट आज संग्रहालयाची वस्तू आहे, पण त्याचे निष्कर्ष वापरता येतात, कारण भारतीय सर्वेक्षण विभागाने त्या मोजणीचे वृत्तान्त खंडामागून खंड प्रसिद्ध केले. कशी मोजली, कुठे चूक धरली, कोणती सुधारणा लावली, सगळं. सॉफ्टवेअर कंपन्यांनी घेण्यासारखा कित्ता हा आहे.

*

महसुली कागदांचंही तेच. रायपूर जिल्ह्याच्या जमीन बंदोबस्ताचा हेविट या अधिकाऱ्याचा अहवाल 1869चा. तेव्हा रायपूर मध्य प्रांतात, राजधानी नागपूर. 1956पर्यंत राजधानी नागपूरच राहिली. अभनपूरच्या जुन्या शिटेवर एखादी खूण कळली नाही तर अजूनही अशा अहवालात उत्तर सापडतं. जमीन कशी मोजली, गावाची हद्द कुणाला विचारून धरली, हे लिहिणं त्या काळच्या अधिकाऱ्याच्या कामाचाच भाग होतं.

*

शेपफाइलची गोष्ट मला नेहमी धीर देते. ही आर्कव्ह्यूच्या काळातली फाइल. जुनाट म्हणावी अशी : स्तंभाचं नाव दहा अक्षरांपलीकडे जात नाही, आकार दोन जीबीच्या पुढे जात नाही, सोबतचा तक्ता डीबेसच्या पद्धतीचा. पण 1998 साली एस्रीने तिची आतली रचना एका छोट्या पुस्तिकेत जाहीर केली. कितव्या बाइटला काय आहे, सगळं. त्या पुस्तिकेवरून जगात कुणालाही तिचा वाचक लिहिता आला. आर्कव्ह्यू गेलं, आता आर्कमॅपही गेलं, शेपफाइल आजही जवळजवळ प्रत्येक नकाशा-सॉफ्टवेअर उघडतं.

त्याच कंपनीची ई-शून्य-शून्य नावाची अदलाबदलीची फाइल होती. तिची रचना कधी जाहीर केली गेली नाही. लोकांनी फायली समोर ठेवून ओळीओळीने ती उलगडली, आणि तेव्हा कुठे जुना डेटा वाचता आला. एकाच घरच्या दोन फायली. फरक एका पुस्तिकेचा.

*

बंद पडलेल्या सेवांचे दाखले थोडक्यात, आधी गूगलचे. मॅप मेकर 31 मार्च 2017ला बंद; खेड्यापाड्यांतल्या लोकांनी आपापल्या वस्त्यांची नावं त्यात भरली होती. ब्राउझरमधलं गूगल अर्थचं प्लगइन गेलं, त्यावर बांधलेली सगळी पानं गेली. फ्यूजन टेबल्स 3 डिसेंबर 2019ला गेलं. पत्रकार आणि शिक्षक तक्त्यावरून झटपट नकाशा करायला ते वापरत. मायक्रोसॉफ्टच्या सिल्व्हरलाइटचा पाठिंबा 12 ऑक्टोबर 2021ला संपला, आणि त्यावर बांधलेले नकाशे उघडेनासे झाले. 2004 साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपमधला डेटा मात्र कुणालाही उतरवून घेता येतो. अभनपूरच्या मुलांना मी गल्ल्या आणि तळी तिथेच भरायला लावते.

*

ग्रास. अमेरिकी लष्कराच्या बांधकाम-संशोधन प्रयोगशाळेने 1982च्या सुमारास हे नकाशा-सॉफ्टवेअर सुरू केलं आणि 1990च्या दशकाच्या मध्यावर सोडून दिलं. मालकानेच सोडलं, म्हणजे संपायला हवं होतं. पण कोड आणि पुस्तिका सार्वजनिक होत्या. आधी बेलर विद्यापीठाने, मग जर्मनीतल्या हॅनोव्हरहून मार्कुस नेटेलर यांनी ते उचललं. 1999 साली ते जीपीएल परवान्याखाली आलं आणि आजही नव्या आवृत्त्या येतात. क्यूजीआयएसची सुरुवात 2002 साली गॅरी शेर्मन यांनी एकट्याने केली. त्याच्या आतून आज ग्रासचीच गणितं चालवता येतात.

आपल्याकडचंही एक नाव घ्यायला हवं. मुंबईच्या आयआयटीतल्या सीएसआरई केंद्रात, केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या एनआरडीएमएस कार्यक्रमाच्या मदतीने 'ग्राम' आणि पुढे 'ग्राम प्लस प्लस' हे देशी नकाशा-सॉफ्टवेअर घडलं. प्रा. पी. वेंकटाचलम यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. जिल्हा नियोजनासाठी, आपल्या खर्चात बसेल असं, आपल्या गरजेचं सॉफ्टवेअर करायचं हा त्यामागचा विचार. ज्या काळात परदेशी लायसन्सची किंमत ऐकून लहान महाविद्यालयं मागे फिरत, त्या काळात हे झालं. मराठी मुलुखात झालेलं हे काम मराठीत नीट लिहून निघालं पाहिजे, त्याच्या आतल्या रचनेसकट. करणारी माणसं आपल्यात आहेत तोवर.

*

इथली जुनी नॅरोगेज. रायपूर–धमतरी, 1900 साली सुरू झालेली अडीच फुटी लाइन. अभनपूरहून राजिमला फाटा. रायपूर शहरातल्या तिच्या जागेवर आता एक्स्प्रेस-वे आहे. अभनपुरात ब्रॉडगेज आली, 30 मार्च 2025ला रायपूरची मेमू सुरू झाली, त्याच सप्टेंबरमध्ये ती राजिमपर्यंत गेली.

आमच्या जुन्या डेटात नॅरोगेजची लेअर आहे. नव्या प्रणालीत नेताना एकाने ती गाळायची सूचना केली. गाळू नये. बंदोबस्ताच्या शिटांवर कितीतरी खसऱ्यांची हद्द रेल्वेच्या जमिनीपासून धरलेली आहे. ती रेघ काढली तर त्या खसऱ्यांना टेकायला आधार उरत नाही. लेअरच्या नोंदीत तसं लिहिलं : रूळ नाहीत, हद्द आहे.

*

चॉइस सेंटर चालवणारी एक मुलगी संध्याकाळी शिकायला येते. बी.ए. झालेली, हिंदी माध्यम. तिचा हात फार चांगला आहे, खसऱ्याचा कोपरा अचूक पकडते, कारण लहानपणी वडिलांबरोबर सीमांकनाला जरीब, म्हणजे मोजणीची साखळी, ओढताना पाहिलं आहे. तिला पायथॉन अडत नाही, अडते ती पुस्तिकेची इंग्रजी. 'टॉलरन्स', 'स्नॅप', 'टोपॉलॉजी' हे शब्द तिच्या कानाला सवयीचे झाले आहेत, पण या तीन शब्दांमधले संबंध सांगणारा परिच्छेद तिला दोनदा वाचूनही लागत नाही. मी तोच मजकूर मेंड, म्हणजे बांध, आणि शेजारच्या शेताचं उदाहरण देऊन हिंदीत सांगितला आणि ती म्हणाली, दीदी, ये तो हम जानते हैं.

सव्वीस वर्षं आर्कमॅप चाललं. या देशात ते वापरणारे हजारो हात हिंदी, मराठी, तेलुगू, उडिया बोलणारे होते. आमच्या खोलीत त्या काळात आलेलं एकही शिकवणीचं पुस्तक यांपैकी कोणत्याही भाषेत नव्हतं. याचा दोष मी एकट्या कंपनीला देणार नाही. ज्यांना इंग्रजी येत होतं त्या आम्हा सगळ्यांवर ती जबाबदारी होती, आणि क्यूजीआयएस-प्रोच्या काळात तरी ती घ्यायला हवी. मी माझ्या नोंदी मराठीत लिहिते आणि मुलांसाठी हिंदीत. रायपूरच्या मराठी घरांत असं दुहेरी लिहिण्याची सवय जुनी आहे.

*

मागण्या. मोठ्या नाहीत.

कंपनीने : निवृत्त झालेल्या सॉफ्टवेअरची पुस्तिका, आकृत्या आणि नमुन्याचे कोड एकत्र बांधून, कुणालाही उतरवून घेता येतील असे आणि पुन्हा छापायच्या परवानगीसह द्यावेत. ज्या वस्तूची विक्रीच होत नाही तिच्या मदतपुस्तिकेवर हक्क धरून ठेवण्यात कुणाचा फायदा आहे?

सरकारी खात्यांनी : नकाशाचं काम बाहेर देताना स्क्रिप्ट आणि तिचं स्पष्टीकरण दोन्ही ताब्यात घेण्याची अट करारात घालावी. 2015च्या केंद्रीय धोरणाने मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यायला सांगितलं आहे. फेब्रुवारी 2021च्या मार्गदर्शक सूचनांनी नकाशाच्या डेटावरची कितीतरी बंधनं सैल केली. डेटा मोकळा करणं जितकं महत्त्वाचं, तितकाच तो ज्या नियमाने तयार झाला तो नियमही मोकळा असणं. नुसता आकडा हातात देऊन शेतकऱ्याला काय कळणार?

विद्यापीठांनी : जुन्या सीड्या आणि भिंतीवरचे ते डायग्रॅम ग्रंथालयात घ्यावेत. नागपूरला महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र 1988पासून आहे. तिथल्या आणि तसल्या संस्थांतल्या जुन्या माणसांच्या कपाटांत किती काय असेल याची कल्पना करून पाहावी.

*

आमची व्यवस्था अशी केली. एक संगणक आर्कमॅपसाठीच राखला, त्याचं नेटवर्क काढून टाकलं, कारण सुरक्षेचे पॅच आता येणार नाहीत. त्यावर नवं काम करायचं नाही, फक्त जुनं उघडून पडताळायचं. एमडीबी फायली आधी काढल्या, कारण त्यांचाच मार्ग पहिल्यांदा बंद होणार. प्रत्येक स्क्रिप्टशेजारी एक साधी मजकुराची फाइल : काय करते, कोणते आकडे गृहीत धरते, ते कुठून आले, कुणाला विचारावं. वर्डची फाइल नको, साधा मजकूर. तो कशातही उघडतो. जुन्या आणि नव्या प्रणालीत एकच गाव चालवायचं आणि प्रत्येक खसऱ्याचं क्षेत्रफळ जुळवायचं. जिथे फरक एका डिसमिलच्या वर जाईल तिथे थांबून कारण शोधायचं.

राहिलं आहे ते कालव्याच्या पट्ट्याचं टूल. महानदीच्या कालव्याच्या दोन्ही बाजूंची विभागाची जमीन ते काढतं, आणि वळणावर पट्टा रुंद धरतं. किती रुंद आणि का, हे व्हीबीएच्या मॅक्रोत आहे, 10.0 आवृत्तीपासून व्हीबीएसाठी वेगळं लायसन्स लागायचं, ते आमच्याकडे नाही. त्याआधीचं आर्कमॅप असलेला एक संगणक रायपूरच्या एका परिचितांकडे अजून चालू आहे, त्यावर मॅक्रो उघडून छापून घ्यायचा आहे. वळणावरच्या रुंदीचा नियम ज्यांनी सांगितला ते आरेखक धमतरीला राहतात, त्यांचा होकार आला आहे. मॅक्रोचा छापील कागद त्यांच्यापुढे ठेवून ओळीओळीने विचारून घेणार आहे.